गिझर का पेटत नव्हता

भिवंडीत बॉयलर म्हटले की कोणाच्याही डोळ्यांपुढे सायझिंगचाच बॉयलर येतो. परगावच्या माणसाला भिवंडी म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट एवढेच ठाऊक असते. पण सूत मागावर चढण्याआधी त्याला सायझिंगमधून जावे लागते. तेथे ताण्याचे धागे खळीत बुडवतात, वाफेने तापलेल्या सिलिंडरांवरून फिरवून वाळवतात आणि मग बीमवर गुंडाळतात. खळ नसेल तर मागाच्या मारापुढे धागा टिकत नाही. खळ शिजवायला वाफ लागते, धागा वाळवायलाही वाफच. म्हणून सायझिंग तेथे बॉयलर आणि बॉयलर तेथे चिमणी.

आमच्या मामांची सारी नोकरी अशाच एका सायझिंगच्या बॉयलरपुढे गेली आहे. बॉयलर अटेंडंट म्हणजे भट्टीत लाकडे लोटणारा माणूस, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. त्याला परीक्षा देऊन सरकारी प्रमाणपत्र घ्यावे लागते. पाण्याची पातळी दाखवणारी काच, वाफेचा दाब दाखवणारे घड्याळ, दाब वाढला तर आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, यांवर त्याची नजर पाळीभर खिळलेली असते. बॉयलर फुटला तर इमारत राहत नाही आणि माणसेही राहत नाहीत. म्हणून इंग्रजांच्या काळात १९२३ साली त्यासाठी खास कायदा झाला. त्याच्या जागी २०२५ साली नवा कायदा आला, पण परवाना आणि तपासणी काही सुटलेली नाही.

आपल्या न्हाणीघरातल्या गिझरला मात्र हा कायदा लागत नाही. त्यात पाणी उकळत नाही, वाफ कोंडत नाही, आकारही लहान. त्यामुळे सायझिंगच्या बॉयलरला इन्स्पेक्टर आहे आणि घरातल्या गिझरला कोणी नाही. दुकानदार विकतो, त्याचा मुलगा दोन खिळे ठोकून टांगतो, नळी जोडतो आणि निघून जातो. पुढे ते यंत्र घरातल्या बायाबापड्यांच्या हवाली. गेल्या थंडीत आमच्या घरी जे घडले ते लिहावेसे वाटले ते याचसाठी. आता आपल्या वस्त्यांमध्ये खोलीखोलीत गॅस गिझर लागले आहेत.

तसे पाहिले तर निसर्गाने आमच्या भिवंडी तालुक्याला गरम पाणी फुकट देऊन ठेवले आहे. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या भागात तानसा नदीच्या काठी जमिनीतून गरम पाण्याचे झरे येतात. लोक लांबून तेथे अंघोळीला जातात. पण ते पाणी काही हंड्यात भरून कामतघरला आणता येत नाही.

कामतघरच्या आमच्या चाळीत आजीच्या वेळी पाणी तापायचे ते चुलीवर, जर्मनच्या पातेल्यात. पुढे भुशाची शेगडी आली. लाकडाच्या वखारीतून पोतेभर भुसा आणायचा, मधोमध बाटली उभी धरून शेगडीत ठासून भरायचा आणि बाटली अलगद काढून घ्यायची, म्हणजे धुराला वाट राहते. तांब्याचा बंब ज्यांच्या घरी असे त्यांचा थाट वेगळा. आमच्याकडे तो कधीच नव्हता. मग पाण्यात बुडवायचा विजेचा रॉड आला आणि त्याबरोबर शॉकही आला. रॉड चालू असताना पाणी तापले का ते बोट घालून पाहणारी माणसे अजून आहेत. त्यांना एवढेच सांगणे, की आधी बटण बंद करा, पिन काढा आणि मगच पाण्याला हात लावा. बादली लोखंडाची नको.

गरम पाणी ही आपल्या घरात चैन नव्हे. रात्रपाळी करून कारागीर सकाळी घरी येतो तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत, कानांत कापसाचे तंतू असतात आणि हातांना मागाचे तेल. थंड पाण्याने ते तेल निघत नाही. म्हातारी माणसे आहेत, लहान मुले आहेत. आणि बाळंतीण घरात असली म्हणजे तर गरम पाण्यावाचून चालतच नाही.

आमची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नोव्हेंबरच्या अखेरीस मुलगी झाली. आईला त्याच सुमारास भिशी लागली होती. त्या पैशांतून तिने गॅसचा गिझर घेतला. बहिणीला रोज दोन वेळा भरपूर गरम पाणी मिळावे, एवढाच तिचा हेतू. विजेच्या गिझरपेक्षा हा स्वस्त पडला. हिशेब म्हणाल तर वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला विजेचे जवळजवळ अर्धे युनिट लागते, किंवा पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम गॅस. म्हणजे घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये नुसत्या अंघोळीच्या साधारण तीनशे बादल्या निघाव्यात. ज्याच्या घरी वीज महाग त्याला गॅस परवडतो, ज्याच्या घरी सिलिंडर वेळेवर येत नाही त्याला वीज बरी. यात अमुकच चांगले असे काही नाही.

पहिले दहा-बारा दिवस गिझर उत्तम चालला. मग एका सकाळी नळ सोडला तर नुसतेच टक् टक् टक्. ठिणगीचा आवाज येतो, पण जाळ धरत नाही. संध्याकाळी पेटला आणि मध्येच विझला. दुसऱ्या दिवशी पेटला, पण पाणी कोमट. आत्याबाई गावाहून बाळंतिणीचे करायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी तर आधीच सांगत होते, यंत्राचा भरवसा नाही." दुकानदाराला फोन केला. त्याने यंत्र न पाहताच सांगितले की आतला बोर्ड गेला असेल, वॉरंटीत बसत नाही. शेजाऱ्यांकडून सल्ले आले. एक म्हणाले, थंडीत गॅस जमतो. दुसरे म्हणाले, टाकीला पंप बसवा. तिसरे म्हणाले, यंत्र परत करून दुसऱ्या कंपनीचे घ्या. प्रत्येकाने आपापल्या घरच्या गिझरचे सांगितले, आमच्याकडचा कोणी उघडून पाहिला नाही.

आईने मामांना निरोप दिला. मामा पाळी सुटल्यावर रात्री आठला आले. हातात पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि जुना दात घासायचा ब्रश. आल्या आल्या त्यांनी गिझरला हात लावला नाही. आधी स्वयंपाकघरात जाऊन शेगडी पेटवली. जाळ निळा आणि जोरात होता. "गॅस आहे," ते म्हणाले. "आता पाणी बघू."

न्हाणीघरात जाऊन त्यांनी साधा नळ पूर्ण सोडला. धार मनगटाएवढी. तो बंद करून गिझरमधून येणारा नळ सोडला. धार पेन्सिलीएवढी. "अक्का," ते आईला म्हणाले, "तुझा गिझर बिघडलेला नाही. तो शहाणा आहे."

गॅस गिझर पेटतो कसा, ते त्यांनी आम्हांला समजावून सांगितले. आम्हांला तरी ते तोवर ठाऊक नव्हते. नळ सोडला की पाणी आत शिरते आणि एका रबरी पडद्याला रेटते. पडदा एका पिनेला ढकलतो. पीन सरकली की एकीकडे गॅसची वाट उघडते आणि दुसरीकडे ठिणगी सुरू होते. पाण्याला जोर नसेल तर पीन पूर्ण सरकत नाही. मग ठिणगी पडते पण गॅस पुरेसा येत नाही, किंवा काहीच होत नाही. हे मुद्दाम तसे केलेले असते. आत तांब्याची नळी आहे. तिच्यात पाणी वाहत नसताना खाली जाळ पेटला तर नळी जळून जाईल.

"सायझिंगला आम्ही काय करतो?" मामा म्हणाले. "काचेत पाणी दिसल्याशिवाय भट्टीला हात लावत नाही. कोरड्या बॉयलरखाली आग म्हणजे मरण. तुमच्या गिझरला एवढी अक्कल बनवणाऱ्यानेच घालून दिलीय."

पाण्याचा जोर कशावर असतो? टाकी किती मोठी यावर नसतो, टाकी नळापेक्षा किती उंच आहे यावर असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो. आमची खोली वरच्या मजल्यावर, टाकी गच्चीवर. गिझरपासून टाकीतल्या पाण्यापर्यंत अंतर जेमतेम दोन मीटर. म्हणजे दाब किलोच्या पाचव्या हिश्शाएवढा. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला त्याच टाकीतून आठ मीटरचा दाब मिळतो. म्हणून खालच्यांचा गिझर भरभरून चालतो आणि वरच्यांचा कुरकुरतो. गिझरला कमीत कमी किती दाब हवा ते त्याच्या पेटीवर लिहिलेले असते आणि तो आकडा कंपनीप्रमाणे बदलतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी घेतानाच तो वाचावा. दुकानदार आपण होऊन सांगत नाही.

पण पहिले बारा दिवस तर त्याच दाबावर चालला होता, मग आताच काय झाले? मामांनी गिझरचा कॉक बंद केला, नळीचा नट सोडवला आणि आत बोट घालून एक इवलीशी जाळी बाहेर काढली. ती गंजाच्या कणांनी आणि बारीक रेतीने गच्च भरली होती. आठवड्यापूर्वी इमारतीची टाकी धुतली होती. तळाचा गाळ ढवळला गेला तो नळीवाटे येऊन या जाळीत बसला. तळमजल्यावर एवढ्या गाळाने काही बिघडले नसते. आमच्याकडे मुळात दाब काठावर, त्यात ही जाळी तुंबली. मामांनी जाळी ब्रशने धुतली. मग शॉवरची चाळणी काढली, तिची निम्मी भोके पांढऱ्या क्षाराने बुजली होती. ती लिंबाच्या पाण्यात टाकायला सांगितली.

या क्षाराबद्दल सांगायचे तर भिवंडीत पुष्कळ इमारतींत नळाच्या पाण्याला बोअरिंगच्या पाण्याची जोड असते. बोअरिंगचे पाणी बहुधा जड. ते तापले की त्यातला क्षार सुटतो आणि तांब्याच्या नळीत आतून बसतो. "पाणी आणि आग यांच्यामध्ये गोधडी पडते," असे मामांचे शब्द. सायझिंगच्या बॉयलरमधला गाळ ते ठरावीक वेळाने खालून वाफेच्या जोराने बाहेर काढून टाकतात. विजेच्या गिझरमध्येही हाच क्षार कॉइलवर चढतो. पाणी तापायला वेळ लागू लागतो, बिल वाढते आणि शेवटी कॉइल फुटते. गॅस गिझरमध्ये नळी आतून अरुंद होत जाते.

जाळी बसवून पुन्हा नळ सोडला. धार चांगली आली. पण टक् टक् हळू हळू, जणू दम लागलेल्या माणसाचा श्वास. मामांनी खालची डबी उघडून दोन मोठे सेल काढले. एकाच्या टोकाला पांढरी पूड जमली होती. दुकानदाराने यंत्राबरोबर जे सेल दिले होते ते किती दिवस पडून होते कोण जाणे. मामांनी पत्रा कागदाने घासून साफ केला आणि आमच्या धाकट्या भावाला नवीन सेल आणायला पिटाळले. नवे सेल घालताच भक्कन पेटला. आणखी एक गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगून ठेवली. बहुतेक गॅस गिझर वीस मिनिटे सलग चालले की आपोआप विझतात. तो बिघाड नव्हे. घरात एकामागून एक चौघे अंघोळ करतात आणि चौथ्याच्या अंगावर थंड पाणी पडते, तेव्हा नळ बंद करून पुन्हा सोडायचा.

पाणी चांगले कढत आले. आत्याबाईंनी हात लावून पाहिला आणि लगेच बहिणीला हाक मारली की ये, अंघोळ करून घे. आणि तेवढ्यात मामांनी नळ बंद केला, गॅसचा कॉकही फिरवला.

"आता पेटतोय," ते म्हणाले, "आणि आता तो बंदच ठेवायचा."

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहतच राहिलो. त्यांनी दिवा मालवला, गिझर क्षणभर पुन्हा पेटवला आणि खालच्या भोकातून जाळाकडे बोट दाखवले. शेगडीचा जाळ निळा होता. हा पिवळा होता आणि त्याची टोके लवलवत होती. गिझरच्या वरच्या पत्र्यावर काजळीची बोटभर पट्टी उमटली होती. त्यांनी गिझर विझवून खालची झाकणी काढली. बर्नरला ज्या भोकांतून हवा मिळते त्या भोकांवर करड्या कापसाचा थर बसला होता. आमच्या भिंतीला लागून मागांचा गाळा आहे. खिडकी उघडी असो वा बंद, कापसाचा बारीक तंतू आमच्या घरात पाण्याच्या हंड्यापर्यंत पोहोचतो. तो गिझरने रोज ओढून घेतला होता. मामांनी कोरड्या ब्रशने भोके साफ केली.

मग त्यांनी मान वर केली. न्हाणीघराच्या वरच्या अंगाला काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी आहे. तिच्यात जुने लुगडे घट्ट कोंबलेले होते. दाराखालच्या फटीतही पोते सारलेले.

"हे कुणी लावलं?"

"मी," आत्याबाई म्हणाल्या. "ओल्या बाळंतिणीला वारा लागला तर जन्माचं दुखणं बसतं. आमच्या वेळी तर खोलीला पडदे लावायचे."

मामा त्यांना काही बोलले नाहीत. त्यांनी आमच्या बहिणीला विचारले, "पोरी, अंघोळ झाल्यावर डोकं दुखतं का?"

ती म्हणाली, "चार दिवस झाले, दुखतं. गरगरतं पण. काल तर उठताना पायच लटपटले. रक्त कमी आहे ना, डॉक्टर म्हणाल्या होत्या."

लुगडे चार दिवसांपूर्वीच लावलेले होते. खोलीत कोणी काही बोलले नाही. आईने पुढे होऊन ते लुगडे ओढून काढले.

गॅस जळायला हवा लागते. हवा भरपूर असली तर जाळ निळा राहतो. हवा कमी पडली, किंवा हवेची भोके बुजली, तर गॅस अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर आपल्याला वास येतो, कारण त्या गॅसमध्ये मुद्दाम वासाचे द्रव्य मिसळलेले असते. या वायूला ते नाही. रक्तातला जो लाल पदार्थ शरीरभर प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मग गरगरते, मळमळते, पाय गळून जातात. पाय गळाल्यावर दाराची कडी काढायची ताकद राहत नाही. अशी माणसे न्हाणीघरात आतून कडी लावलेल्या स्थितीत सापडतात. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत बोरिवलीला एक शाळकरी मुलगी अशीच बेशुद्ध सापडली आणि काही दिवसांनी गेली. मार्च २०२३ मध्ये होळीच्या वेळी घाटकोपरला न्हाणीघरात एक जोडपे मृतावस्थेत सापडले, तेथेही गॅस गिझरचाच संशय व्यक्त झाला. अशा बातम्या वाचून आपण पान उलटतो.

भुशाच्या शेगडीतूनही हाच वायू येत असे. आजीच्या काळी शेगडी ओट्यावर किंवा दारात असे, कौलातून हवा खेळत असे. आता घरे पक्की झाली, स्लॅब पडला, दारे-खिडक्या घट्ट बसू लागल्या. ही सोय झाली तशी हवाही अडली. चार बाय सहाच्या न्हाणीघरात पाच-दहा मिनिटे पिवळा जाळ पुरेसा होतो.

आत्याबाईंना हे पटायला वेळ लागला. त्यांचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नव्हते. पंधरा दिवसांच्या बाळंतिणीच्या ओल्या अंगावर डिसेंबरचा वारा नको, हे कोणीही म्हणेल. मामांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, "ताई, वारा अडवायचा तर अडवा. पण मग आत विस्तव नको. विस्तव ठेवायचा तर वाट मोकळी हवी. दोन्ही एका खोलीत जमणार नाही. माझा बॉयलर विझला तर मी लगेच काडी लावत नाही. आधी भट्टीतली हवा चिमणीतून पुरी जाऊ देतो, मगच पेटवतो. मालक घाई करत असला तरी."

"मग पोरीनं काय गार पाण्यानं करायचं?"

"शेगडीवर तापव. दोन दिवस."

त्याप्रमाणे दोन दिवस आत्याबाईंनी शेगडीवर मोठ्या पातेल्यात पाणी तापवले आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली. तान्ह्या मुलीला त्या पहिल्यापासून स्वयंपाकघरातल्या मोरीत, पाय पसरून पायांवर घेऊनच न्हाऊ घालत होत्या. न्हाणीघरात तेवढी जागाच नव्हती. ती मुलगी त्या वायूत कधी गेली नाही ती यामुळे.

बहिणीला दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी तपासले, सगळे नीट विचारले आणि काळजीचे कारण नाही असे सांगितले. मोकळ्या हवेत राहिले की हा वायू काही तासांत रक्तातून बराचसा निघून जातो. त्यामुळे रात्रीचे सकाळी सापडेलच असे नाही, असेही त्या म्हणाल्या. अंघोळीनंतरचे डोके दुखणे त्या दिवसापासून थांबले. रक्त कमी होते ते खरेच होते, लोहाच्या गोळ्या चालू राहिल्या. बाळंतिणीचे प्रत्येक दुखणे अशक्तपणाच्या नावावर टाकायची आपल्याकडे सवय आहे, म्हणून हे लिहितो. अंघोळ करून आल्यावरच डोके दुखत असेल आणि घरात दोघातिघांचे दुखत असेल, तर आधी गिझरकडे पाहावे, मग पित्ताच्या गोळीकडे.

कोणी न्हाणीघरातून वेळेवर बाहेर आले नाही, हाकेला ओ दिली नाही, तर दार तोडायला मागेपुढे पाहू नये. आत जाणाऱ्याने श्वास रोखून शिरावे, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ ला फोन करावा. तोंडावर पाणी मारत आतच बसू नये.

गिझर कोठे लावावा, हे त्याबरोबर आलेल्या कागदात स्पष्ट छापलेले होते: न्हाणीघराच्या बाहेर, हवा खेळेल अशा जागी. दुकानाच्या मुलाने तो कागद खोक्यातून काढलाही नव्हता. मामांनी आमच्या खोलीची पाहणी केली. मागच्या बाजूला दीड हाताची गॅलरी आहे, धुणे वाळत घालायची. ती न्हाणीघराच्या भिंतीला लागूनच. गिझर गॅलरीत टांगायचा, भिंतीला एक भोक पाडायचे आणि गरम पाण्याची नळी आत घ्यायची. सिलिंडर स्वयंपाकघरातच, मधली नळी गॅसची आयएसआय शिक्क्याची, दर काही वर्षांनी बदलायची. साधी पाण्याची नळी गॅसला कधीही लावायची नाही. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून गॅलरीचे खालचे जाळीदार भोक बुजवायचे नाही, हेही त्यांनी बजावले.

अडचण घरमालकाची आली. भिंतीला भोक पाडू देणार नाही म्हणाले. स्लॅब गळेल, इतर भाडेकरू मागे लागतील. वडिलांनी दोनदा विनंती केली. तिसऱ्यांदा आई गेली, बाळाला कडेवर घेऊन. ती काय बोलली ते तिने आम्हांला सांगितले नाही. मालक रविवारी सकाळी स्वतः वर आले, जागा पाहिली आणि म्हणाले, भोक पाडा, पण सिमेंट नीट भरा.

ड्रिल मशीन भाड्याने आणले होते, दिवसाचे भाडे ठरलेले. आमचे भोक अर्ध्या तासात झाले. नळी, दोन एल्बो, कॉक आणि प्लंबरची मजुरी मिळून गिझरच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाहून कमी खर्च आला. मशीन संध्याकाळपर्यंत आपलेच होते. मामांनी ते उचलले आणि शेजारच्या बिऱ्हाडाचे दार वाजवले. त्यांचाही गिझर आतच होता. दुपारी जेवणापर्यंत मजल्यावरच्या आणखी तीन खोल्यांत भोके पडली. एका घरी न्हाणीघराच्या खिडकीला पुठ्ठा लावलेला होता. तो आत्याबाईंनी स्वतः काढून आणला आणि चुलीला लावायला म्हणून गावी न्यायच्या पिशवीत ठेवला.